मेणाच्या सिलिंडरचे आठ महिने आणि एक भिजलेली गादी

परवा दुपारी आभाळ आलं, पाच मिनिटांत धो-धो सुरू झालं आणि गच्चीवरच्या खोलीतली कापसाची गादी चिंब झाली. वरचा झरोका सताड उघडा होता. हे परीक्षण फेब्रुवारीत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

वस्तू म्हणजे ग्रीनहाऊसच्या झडपा आपोआप उघडणारा तो मेणाचा सिलिंडर. वीज नाही, सेन्सर नाही. मेण तापलं की वितळून फुगतं आणि दांडा ढकलतं. गार झालं की आकसतं, मग स्प्रिंग झडप ओढून घेते. गाडीच्या इंजिनातल्या थर्मोस्टॅटमध्ये हीच युक्ती असते. मी भुललो तो यालाच. पॅरिसच्या अरब वर्ल्ड इन्स्टिट्यूटच्या दर्शनी भिंतीवर १९८७ साली उन्हाप्रमाणे उघडमीट करणाऱ्या २४० जाळ्या बसवल्या, पण मोटरींवर, आणि त्यातल्या कितीतरी पुढे बंद पडल्या. इथं बिघडायला मोटरच नाही!

दसऱ्याला गच्चीवरच्या खोलीच्या झरोक्याला बसवला. नागपूरच्या थंडीत अकराच्या सुमारास झरोका हळूच वर, संध्याकाळी खाली. आई त्याला ‘तुझा बिनपगारी नोकर’ म्हणायची.

मग एप्रिल. उघडायचं तापमान १५ ते २५ अंशांमध्येच लावता येतं. हे आकडे युरोपातल्या टमाट्यांसाठी. आपल्याकडे तेव्हा पहाटेही पारा तिथवर उतरायला कुरकुरतो. झरोका रात्रंदिवस उघडा, दुपारी ४४ अंशांची लू थेट डोक्यावर. दोन तारे कापले. खिडकीला कूलर लावल्यावर एक परत दिला, कारण कूलरच्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट लागतेच, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक.

राहिला पाऊस. मेणाला पाऊस कळत नाही, गारवा कळतो, तोही उशिरा. किती उशिरा? दुसऱ्या दिवशी सिलिंडरला बर्फाची पिशवी बांधून घड्याळ घेऊन बसलो. पूर्ण मिटायला १९ मिनिटं! बर्फ लावून १९, तर नुसत्या पावसानं किती? वळवाची सर तोवर येऊन, गादी भिजवून, निघूनही जाते. या १९ मिनिटांपुढे बाकीचे सगळे गुण मला फिके वाटतात, चूक असेल तर असो. (पावसाळ्याची जाण आमच्या सागवानी दाराला जास्त. जुलैत फुगून अडकतंच.)

विक्रेता आधी म्हणाला, “उलटा बसवला असेल.” फोटो पाठवले. मग म्हणाला, “सर, हे रोपांसाठी आहे.” जाहिरातीत मात्र ‘स्मार्ट होम’ आणि पलंगावर झोपलेलं बाळ. परत घ्यायला तयार, पण कुरिअरचे २८० रुपये माझे. नाही दिले.

आता खिट्टी काढून सिलिंडर कपाटात ठेवलाय, दिवाळीनंतर पुन्हा लावीन. तोवर झरोक्याला सुतळी.

“काऊन रे, पहिलेच सुतळी बांधली असती तर?” आई.

तीन तारे. गादी पिंजायचे ६५० रुपये मी सिलिंडरच्या किमतीतच धरतोय.