वेगाला कुलूप की नुसता बीप?
समृद्धी महामार्गावर नागपूरहून निघालेली नवी कार ताशी ८० किमी ओलांडताच अधूनमधून आणि १२० नंतर अखंड बीप वाजवते, कारण २०१९ पासून ही सूचना सक्तीची आहे. पण गाण्यांचा आवाज वाढवला की ती कुणाच्या गावीही नसते, हे मी शेजारच्या सीटवर बसून पाहिले आहे. इंजिनालाच १२० वर रोखणारा वेगनियंत्रक असा दबत नाही. वेग १२० वरून १४० झाला की गाडीची गतिज ऊर्जा सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते, म्हणून महामार्गापुरता मला तोच पटतो. ओव्हरटेकसाठी जास्तीचा वेग हवा, हा आक्षेप सहापदरी रस्त्यावर लंगडाच. वर्धा रोडवर शाळा सुटताना मात्र साठचा वेगही जीवघेणा असतो, आणि तिथे १२० चे कुलूप काय किंवा ८० चा बीप काय, दोन्ही गप्पच राहतात.