करिअर गाईडन्ससाठी चांगली जागा, फक्त रिपोर्ट मराठीत द्या (५ पैकी ४ स्टार)

जळगावला करिअर मार्गदर्शन म्हणून बोलावतात आणि शेवटी नीट-जेईईच्या बॅचची ॲडमिशन गळ्यात मारतात, इथे तसं नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पुतणीला घेऊन गेलो होतो. आमची रावेरकडे केळी, दादाचं एकच, पोरीला लातूरला क्लासला टाकू, नीटची तयारी करू. मॅडमनी आधी दादाला बाहेर बसवलं आणि पोरीला विचारलं की घरी कोणी न सांगता तू कुठलं काम करतेस. तर मळ्यातली मोटर बंद पडली की स्टार्टर उघडून हीच बघते, फेज गेलाय का ते तिला आधी समजतं, तिथून विषय इलेक्ट्रिकलवर आला. मग सगळं नीट सांगितलं, आयटीआयला इलेक्ट्रिशियन २ वर्षं, ते करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, नाहीतर दहावीवरच पॉलिटेक्निक ३ वर्षं आणि मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. भुसावळच्या रेल्वे अप्रेंटिसचंही स्पष्ट बोलल्या, निवड दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर होते, स्टायपेंड मिळतो, पण परमनंट नोकरीची हमी नाही. आमच्याकडे अप्रेंटिस लागला की पोरगा रेल्वेत चिकटला असं धरून पेढे वाटतात, हे कोणीतरी सांगायलाच पाहिजे होतं.

दादा नरमला तो फीवर. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरच्या मुलींना २०२४-२५ पासून इंजिनिअरिंगसारख्या पदवीला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून ॲडमिशन घेतली तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आमच्या गल्लीत हे कोणालाच माहीत नव्हतं.

आणि सगळ्यात भारी म्हणजे दीपनगरच्या वीज केंद्रात काम केलेल्या एका ताईंशी बोलणं करून दिलं. नाइट शिफ्ट कशी असते, ब्रेकडाऊन आला तर काय पळापळ होते, बाई म्हणून काय अडचणी येतात, पुतणी विचारतच सुटली. असं कुठल्या पुस्तकात मिळणार?

खटकलं ते ॲप्टिट्यूड टेस्टचं. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, दादाला एक पान वाचता आलं नाही, पैसे आईबाप देतात तर त्यांना समजेल असा मराठीत द्या ना. फी पण शेतकऱ्याला जडच आहे, केळीला भाव नसला तर कोण येईल? यावल-चोपड्याकडच्या पाड्यांवरच्या शाळांत एखाद्या शनिवारी फुकट कॅम्प घ्या मॅडम, खरी गरज तिथे आहे.

जाणार असाल तर दहावीचा निकाल लागायच्या आधीच जा, नंतर पॉलिटेक्निकचे फॉर्म, दाखले, नॉन-क्रिमिलेअर यातच सगळा वेळ जातो.