नव्याचे पैसे घेऊन जुनेच सोलेनॉइड बसवले

निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर ज्या ट्रॅक्टरवर चालतो, तो वीस वर्षांहून जुना आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीनंतर डाऊनी रोगासाठी फवारणी चालू असताना एका सकाळी चावी फिरवली, तर सेल्फने, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीने, ‘टक’ असा एकच आवाज केला आणि इंजिन जागचे हलले नाही. दिवे मात्र लख्ख लागत होते. फवारणी लांबवणे परवडणारे नव्हते, म्हणून नाशिकमधील एका ऑटो इलेक्ट्रिशियनला मी घाईने शेतावर बोलावले.

त्याने मीटर बाहेर काढलाच नाही. ‘दिवे लागतात म्हणजे बॅटरी ठीक, टक वाजते म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा स्विच) गेले,’ असे सांगून त्याने सेल्फ काढून नेला आणि संध्याकाळी नवे सोलेनॉइड बसवल्याचे ४,२०० रुपये रोख घेतले. जुने मागितले, तेव्हा ते दुकानात जमा करावे लागते म्हणाला. बिल उद्या पाठवतो म्हणाला. ट्रॅक्टर सुरू झाल्यामुळे मीही जास्त खोदून विचारले नाही.

नवव्या दिवशी पुन्हा तेच झाले. या वेळी मोटार रिवाइंडिंग करणारा माझा मावसभाऊ मल्टिमीटर घेऊन आला. बॅटरी १२.६ व्होल्ट होती. चावी फिरवल्यावर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर पुरेसा दाब (व्होल्टेज) येत होता, म्हणजे चावीचा स्विच आणि क्लच दाबल्याशिवाय सेल्फ चालू न देणारा सेफ्टी स्विच ठीक होते. सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये, टक वाजल्यानंतर, जवळजवळ शून्य व्होल्ट दिसले. आतले कॉन्टॅक्ट जळले असते तर तेथे बॅटरीचा बहुतेक सगळा दाब दिसला असता. मग त्याने एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे सेल्फच्या बॉडीला लावून चावी फिरवायला सांगितली. तेथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवे, आमच्याकडे पाचच्या वर गेले.

दोष अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह चेसिसला जोडणाऱ्या केबलीत होता. चेसिसवरचा बोल्ट सोडला, तेव्हा थिंबलखाली (केबलीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट भुकटी आणि गंजाचा पापुद्रा निघाला. दिव्यांना थोडा करंट पुरतो म्हणून ते लागत होते, सेल्फला मात्र शेकडो अँपिअर लागतात आणि ते त्या गंजातून जात नव्हते. पहिल्या दुरुस्तीत केबल हलली असावी, म्हणून नऊ दिवस काम भागले. पॉलिश पेपरने घासून नवे थिंबल लावायला दीडशे रुपये पुरले.

त्याच वेळी ‘नव्या’ सोलेनॉइडवरचा काळा रंग नखाने सुटला आणि खाली कानशीने मारलेल्या दोन खाचा दिसल्या. त्या खाचा तीन वर्षांपूर्वी वायरी उलट लागू नयेत म्हणून मीच मारल्या होत्या. मला फार वाईट वाटले, कारण त्या माणसाला मी घरात बसवून जेवू घातले होते. फोन केला, तर त्याने ऐकून घेतले आणि कट केला.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याने आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट जोडून सेल्फ मारून पाहिला होता. असे करताना सेफ्टी स्विच बाजूला पडतो आणि गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते. कोणी तसे करू लागला तर कृपया थांबवा.

ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पण तक्रारीला आधार म्हणून माझ्याकडे ना बिल होते, ना जुना भाग. आता सेल्फ उतरवण्याआधी मी मेकॅनिकसमोर त्यावर पंचने खूण करतो, तिचा फोटो काढतो आणि जुना भाग हातात आल्यावरच पैसे देतो.