म्हापशात शिवलेला मिशनरी सूट: दोन वर्षं टिकेल का?

गोव्यात सूट शिवणारे चांगले शिंपी शोधावे लागत नाहीत. म्हापसा, पणजी, मडगाव इथली जुनी दुकानं लग्नाचे सूट शिवण्यात तरबेज आहेत. खांदा नेमका बसवणं, कोटाची कॉलर मानेला चिकटून ठेवणं ही त्यांची खरी ताकद. पण चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचा, म्हणजे ज्यांना आपण मॉर्मन म्हणतो त्यांचा मुलगा मिशनला, म्हणजे घर सोडून धर्मप्रचाराच्या सेवेला निघतो, तेव्हा हिशेब बदलतो. नवरदेवाच्या सूटाला एक संध्याकाळ काढायची असते. मिशनरी मुलाची सेवा २४ महिन्यांची, आणि सूटाची पहिली कसोटी परदेशातल्या रस्त्यावर लागत नाही, ट्रेनिंग सेंटरच्या खुर्चीवर लागते.

ट्रेनिंगचा दिनक्रम शिंप्याला आधी सांगावा, कारण कापड आणि शिवण दोन्ही त्यावरून ठरतात. पहिला भाग घरी बसून व्हिडिओवर होतो, मग मुलगा सेंटरला जातो. सगळ्यात मोठं सेंटर अमेरिकेत युटामधल्या प्रोव्होला आहे. फिलिपिन्समध्ये मनिला, इंग्लंडमध्ये प्रेस्टन, घानामध्ये आक्रा इथेही आहेत. नवी भाषा शिकायची असेल तर मुक्काम सहा ते नऊ आठवडे, नसेल तर बराच कमी. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला झोपायचं. मधला बहुतेक वेळ वर्गात, नेमून दिलेल्या सोबत्याबरोबर: भाषा, धर्मग्रंथाचा अभ्यास, कुणाच्या तरी घरी जाऊन शिकवायचा सराव. रोज शर्ट आणि टाय. रविवारी आणि मोठ्या सभांना कोटही. कपडे आठवड्यातून एकदा, तयारीच्या दिवशी, स्वतः धुवायचे.

इतकं बसणं झालं की सगळ्यात आधी पँट जाते. बसून बसून कापडाचे तंतू दबतात आणि सीटवर चकाकी येते; मग त्यावर थेट गरम इस्त्री फिरवली की ती चकाकी कायमची. म्हणून एका कोटाला दोन पँटी शिवाव्यात, आणि त्या एकाच ताग्यातून. दुसरी पँट नंतर घेऊ म्हटलं तर रंगाचा घाणा वेगळा निघतो आणि कोटाशेजारी फरक लगेच दिसतो. मध्यम बांध्याच्या मुलाला ५८ इंच पन्ह्याचं साडेचार मीटर कापड पुरतं. दुकानात तयार मिळणारा सूटपीस एका कोट-पँटीपुरताच असतो, त्यामुळे कापड तागा उघडून मोजून घ्यावं.

कापड टेरीवूलच, म्हणजे पॉलिएस्टर-लोकरीचं मिश्र कापड घ्यावं, साधारण २५० ते २८० ग्रॅम वजनाचं. स्वस्तातलं टेरी-रेयॉन हाताला मऊ लागतं, पण गुडघ्यावर फुगतं आणि मांड्या घासतात तिथे त्यावर बारीक गोळे येतात. उलट टोकाला सुपर १२० आणि त्यावरची, म्हणजे फार बारीक तंतूंची मुलायम लोकर. दिसते सुरेख, रोजच्या घासणीला टिकत नाही. रंग गडद निळा किंवा गडद राखाडी. काळ्यावर धूळ आणि चकाकी दोन्ही अधिक दिसतात.

आता कंबर. सेंटरच्या भोजनगृहात जेवण पोटभर आणि दिवसभर बसणं, त्यामुळे वजन वाढणं नेहमीचं. पुढे दारोदार चालायला लागलं की तेच वजन उतरतं. म्हणजे कंबर दोन्हीकडे हलली पाहिजे. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत वरच्या बाजूला दोन्हीकडे दीड-दीड इंच दाब, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, ठेवायला सांगा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंबरपट्टी मागे मधोमध जोडलेली हवी. कमरेभोवती सलग पट्टी लावली तर आत कितीही दाब असला तरी पँट सैल करता येत नाही. सगळी पट्टी उसवावी लागते. आपल्या बाजारातलं काम नेमकं इथेच कमी पडतं. घाईच्या दिवसांत पट्टी सलग येते आणि दाब अर्ध्या इंचावर कापला जातो. पहिल्या ट्रायललाच पँट उलटी करून पाहा.

सीटच्या शिवणीला दुहेरी टीप, दोन्ही पायांच्या शिवणी मिळतात तिथे आतून कापडाचा छोटा तुकडा, पुढच्या भागाला गुडघ्यापर्यंत अस्तर आणि खिशांच्या तोंडांना पक्का टाका. पुढे सायकल चालवायची वेळ आली तर हेच काम कामी येतं. पायाच्या दुमडीत अडीच इंच कापड राहू द्या. अठराव्या वर्षी मुलाची उंची अजून वाढू शकते.

कोटाच्या बाबतीत म्हापशाच्या कारागिराला फार शिकवावं लागत नाही. दोन गोष्टी मात्र बजावून सांगायच्या. पहिली, डाव्या छातीवरचा खिसा खरा हवा. लग्नाच्या सूटाला तो बऱ्याचदा नुसता दिसायला असतो किंवा शिवून बंद केलेला असतो. मिशनरीची काळी नावपट्टी त्याच जागी लागते. खिशात सरकवायची पट्टी असेल तर खिसा निदान तीन इंच खोल लागतो आणि त्याची वरची पट्टी चांगल्या बकरमची (आत घालायच्या कडक कापडाची) लागते, नाहीतर नावपट्टी पुढे झुकते आणि नाव वाचता येत नाही. पिनेची पट्टी तर नकोच. रोज त्याच जागी टोचून कापडाला भोक पडतं. चुंबकाची असेल तर खिशाच्या आत जाड कापडाचा तुकडा लावून घ्या.

दुसरी गोष्ट, फ्यूजिंग. कोटाच्या पुढच्या भागाला आतून चिकटवलेलं कापड प्रेस मशीनवर बसवलं तर टिकतं. हातइस्त्रीने चिकटवलं तर पहिल्याच ड्रायक्लीनिंगला छातीवर फोड येतात. दुकानात मशीन आहे का, की काम बाहेर जातं, हे सरळ विचारा. चांगला शिंपी या प्रश्नाने रागावत नाही. बाहीची काजं खरी कापून घेऊ नका, नुसती बटणं पुरेत; काजं कापली की बाहीची लांबी बदलता येत नाही.

पांढरे शर्ट आठ ते दहा. शुद्ध सुती शर्ट गोव्याच्या उकाड्यात छान, पण तयारीच्या दिवशी सगळ्यांना इस्त्री करत बसावं लागतं, आणि त्याच दिवशी घरी फोन, पत्रं आणि खरेदीही उरकायची असते. पॉलिएस्टर-सुतीचं मिश्र कापड बरं पडतं. ते उन्हात धरून पाहा: हात आरपार दिसला तर नको. या चर्चच्या मंदिरात दीक्षा घेतलेला मुलगा आत पवित्र अंतर्वस्त्र घालतो आणि ते बाहेरून दिसता कामा नये. कॉलरमध्ये टायसह एक बोट सहज गेलं पाहिजे.

मुलींची सेवा १८ महिन्यांची. त्यांना स्कर्टबरोबर पँटचीही मुभा २०१८च्या अखेरीस मिळाली. स्कर्टला अस्तर आणि एक खोल खिसा सांगितला की बाकीचं काम आपल्या शिंप्यांना अवघड नाही.

ऑर्डर कधी द्यायची यावर निम्मं काम अवलंबून असतं. ख्रिस्ती उपवासाच्या चाळीस दिवसांत, शिगम्याच्या आसपास, कॅथलिक लग्नं सहसा होत नाहीत. तेव्हा सूटाचे कारागीर मोकळे असतात आणि दोन ट्रायल निवांत मिळतात. ईस्टरनंतर आणि मे महिन्यात गर्दी उसळते, चवथीच्या आधी तर बोलायलाच नको. पावसाळ्यात शिवलेला सूट प्लास्टिकच्या कव्हरात ठेवला तर कॉलरखाली बुरशी धरते. सुती कव्हर मागा आणि ऊन पडेल त्या दिवशी सावलीत वाऱ्यावर टांगा.

तयार सूट घ्यावा का? बिल बऱ्याचदा कमी होतं, पण हल्लीचे तयार सूट अंगाला घट्ट, आत दाब जवळपास नाही, आणि जोडीची दुसरी पँट क्वचितच मिळते. वर लिहिलेलं सांगून करून घेतलेला म्हापशाचा शिवलेला सूट त्यापेक्षा निश्चित सरस. न सांगता शिवायला टाकला तर मात्र लग्नाचाच सूट हाती येतो.

सूट घरच्या ट्रेनिंगच्या किमान पंधरा दिवस आधी ताब्यात घ्या आणि ते दिवस सूट घालूनच बसायला सांगा. दिवसभर बसल्यावर कुठे काचतं, कुठे ओढतं हे तेव्हाच कळतं आणि शिंपीही हाताशी असतो. शेवटी दुकानातून उरलेल्या कापडाचा वीतभर तुकडा, त्याच रंगाचं दोऱ्याचं रीळ आणि प्रत्येक मापाची दोन-दोन बटणं मागून घ्या. कापड आपण पैसे देऊन घेतलेलं असतं, मागायला संकोच नको.