'गाडी उडशे, काका': बडोद्यातलं पॉवर वाढवायचं बजेट पॅकेज

बडोद्यात साध्या, घरगुती गाड्यांची पॉवर 'बजेटमध्ये' वाढवून देणारे सध्या बरेच झालेत. मोबाइलवर रील येतं, त्यात आपल्यासारखीच एखादी स्विफ्ट किंवा टियागो, गडगडणारा सायलेन्सर आणि वर मोठमोठे आकडे. अशाच एकाकडून मी २७,५०० रुपयांचं पॅकेज घेतलं. ते पैसे गेलेच, पण गाडीतून त्याहून महागाची एक वस्तू काढून घेतली गेली आणि ती गेल्याचं मला पीयूसीवाल्यामुळे कळलं. गॅरेजचं नाव देत नाही. पद्धत सांगतो, कारण आज मकरपुऱ्याच्या बाजूला जे चाललंय ते उद्या दुसऱ्या पाटीखाली गोरव्यात किंवा वाघोडिया रोडवरही चालेल.

गाडी २०१८ची पेट्रोल स्विफ्ट. इंजिन १.२ लिटरचं, कागदावर ८३ पीएस. दांडिया बाजारातून निघून गावात फिरायला पुरून उरते. पण आईला घेऊन पावागडला जायचं, गाडीत पाच माणसं, एसी चालू, आणि माचीचा चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्येही धाप लागल्यासारखी करते. टर्बोवाली नवी गाडी घ्यायची ऐपत नाही, तर आहे तीच थोडी तगडी करून घ्यावी, एवढाच हिशोब होता.

गॅरेजवाला बोलायला गोड. "काका, टेन्शन नै लेवानुं. वीस-पच्चीस टका पावर पाक्की. गाडी उडशे." आता या आकड्याबद्दल आधी सांगतो, कारण तो साफ खोटा नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, असलेल्या गाडीत ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, प्रोग्राम बदलून टर्बोचा दाब वाढवता येतो. यालाच रिमॅप म्हणतात. जास्त हवा आत गेली की जास्त इंधन जळतं, त्यामुळे तिथे वीस टक्के वाढ होऊ शकते. माझ्या इंजिनाला टर्बोच नाही. ते पिस्टनच्या ओढीनं जेवढी हवा आत येईल तेवढीच घेतं, आणि कंपनीनं त्यातून मिळण्यासारखं बहुतेक आधीच काढून घेतलेलं असतं. चांगल्या रिमॅपनं पाच-सात टक्के मिळाले तरी पुष्कळ. हे लोक टर्बो डिझेलचा आकडा उचलून बिनटर्बो पेट्रोलला लावतात, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच.

पॅकेजमध्ये तीन गोष्टी होत्या. ईसीयू रिमॅप, लोकल बनावटीचा हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारे चार पाइप, आणि शंकूसारखा उघडा एअर फिल्टर. फिल्टरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कंपनीचा डबा पुढच्या जाळीजवळची थंड हवा ओढतो, हा उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज मात्र झकास येतो.

खरी कलाकारी मोजणीत होती. डायनो, म्हणजे गाडीची पॉवर मोजायचं मशीन, त्याच्याकडे नव्हता, मोबाइलवरचं ॲप होतं. ते जीपीएसवरून गाडी किती झपाट्यानं वेग घेते ते बघतं आणि आपण भरलेल्या वजनावरून पॉवर काढतं. कामाच्या आधी तो, मी, त्याचा पोऱ्या आणि माझा शेजारी असे चौघं बसून रिकाम्या रस्त्यावर गेलो. वजन त्यानं ११५० किलो भरलं, गाडी आणि माणसं धरून बरोबर होतं. आकडा आला ६८ पीएस. चाकांपर्यंत येताना काही पॉवर वाटेत जातेच, त्यामुळे ८३च्या जागी ६८ खराच वाटला. कामानंतर पुन्हा मोजलं तेव्हा पोऱ्या आणि शेजारी चहाला गेले होते. चहाचे पैसे गॅरेजवाल्यानंच दिले. गाडीत दोघं, एसी बंद, ॲपमध्ये वजन तेच ११५०. आकडा आला ८१. स्क्रीनशॉट काढून लगेच माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवला.

आता गणित बघा. दोन माणसं उतरली म्हणजे साधारण १४० किलो कमी. गाडी माणसांसकट १०१० किलोची, ॲप समजतंय ११५०. ११५० भागिले १०१०, म्हणजे जवळजवळ १.१४. इंजिनाला हातही न लावता ६८चे ७७ होतात. उरलेल्या तीन-चार आकड्यांना बंद एसी आणि रस्त्याचा जरासा उतार पुरतो.

तुम्ही म्हणाल, चालवताना कळलं नाही? उलट चालवतानाच पटलं. रावपुऱ्यातल्या सिग्नलला पाय जरा ठेवला की गाडी उसळायची. हे कसं होतं ते माझ्या भाच्यानं उलगडलं. तो महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शिकतो, आमच्याकडे अजून तिला कलाभवनच म्हणतात. माचीच्या चढावर पेडल तळापर्यंत दाबूनही गाडी पहिल्यासारखीच रडली, तेव्हा मी त्याला बोलावलं. तो डॅशबोर्डखाली डोकं घालून बसला आणि ॲक्सिलरेटरच्या प्लगमध्ये मधेच जोडलेली काडेपेटीएवढी डबी त्यानं बाहेर काढली. "मामा, हा तुमचा रिमॅप."

आजकाल पेडल तारेनं थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला, जोडलेलं नसतं. पेडलवरचा सेन्सर ईसीयूला सांगतो की पाय किती दाबलाय. ही डबी मधे बसून खोटं सांगते. तुम्ही तीस टक्के दाबलं तर साठ कळवते. म्हणून सिग्नलला गाडी उसळते. पण शंभर टक्क्यांच्या वर ती काय सांगणार? चढावर पेडल आधीच तळाला असतं, तिथे डबीचा उपयोग शून्य. शिवाय ही डबी ऑनलाइन कोणालाही मिळते.

ईसीयूला खरंच हात लागलाय का हे बघायचीही सोय असते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडी तपासायच्या प्लगला, स्वस्तातला स्कॅनर लावला की ॲपमध्ये कॅलिब्रेशन आयडी, म्हणजे प्रोग्रामची ओळख, आणि सीव्हीएन असे दोन आकडे दिसतात. सीव्हीएन म्हणजे ईसीयूनं स्वतःच्या प्रोग्रामवरून काढलेली पडताळणीची संख्या. प्रोग्राम बदलला की ती बदलते. कोणी मुद्दाम लपवूही शकतो, पण इथे तेवढीही मेहनत नव्हती. भाच्याच्या मित्राकडे त्याच वर्षाची, त्याच इंजिनाची स्विफ्ट आहे. दोन्ही गाड्यांचे दोन्ही आकडे तंतोतंत सारखे निघाले. लॅपटॉप लावून पडद्यावर हिरवी पट्टी भरत गेलेली मी स्वतः पाहिली होती. ती कशाची होती देव जाणे.

इथवर झालं ते पैशांचं नुकसान. पुढचं मात्र सरळ चोरी होती. पीयूसीची मुदत संपली म्हणून गाडी नेली, तर नापास. बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांतल्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, माझा कितीतरी वर. पीयूसीवाला म्हणाला, सर्व्हिसला दाखवा. तिथल्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून दिवा मारला आणि विचारलं, "काका, कॅटकॉन कुठे गेलं?"

माझ्या गाडीत कॅटकॉन, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाला लागूनच असतं. हेडर नेमका त्याच्याच जागी बसतो. हेडर लावायचा म्हणजे कॅटकॉन काढायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते नसलं की चेक इंजिनचा दिवा लागतो, म्हणून कॅटकॉनच्या मागे धूर तपासणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक बुश, म्हणजे पोकळ नळीचा तुकडा, घालून सेन्सर धुरापासून लांब धरला होता. दिवा गप्प. कॅटकॉनच्या आत पोळ्यासारखं चिनी मातीचं जाळं असतं आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. पॅलेडियम आणि ऱ्होडियम काही वर्षांपूर्वी सोन्यालाही मागे टाकत होते. आपल्या गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायचे ते यासाठीच. त्या चोरांना निदान अंधारात गाडीखाली शिरावं लागायचं. इथे मी गाडी स्वतः नेऊन दिली आणि वर हेडरचे पैसेही मोजले.

गॅरेजवाल्याकडे गेलो. जुनं सामान परत दे म्हटलं. "जूनो माल तो भंगारमां गयो, काका. एमां शुं हतुं, माटी ज हती." म्हणजे त्यात होतं काय, मातीच होती. रिमॅपबद्दल विचारलं तर म्हणे, पेट्रोल चांगलं भरा. बिल कच्च्या चिठ्ठीवर, पैसे त्याच्या मेहुण्याच्या यूपीआयवर.

याच्यावर तक्रार का होत नाही तेही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या, कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे तक्रार घेऊन गेलात तर आधी तुमचीच गाडी उघडून बघतील. बेकायदा काम विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या गप्प बसण्याची हमी अशी आयतीच मिळते. मी तरीही आधी कॅटकॉन नवं बसवलं, पीयूसी पास करून घेतलं आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या मागणीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, तिथेही अर्ज तयार आहे. नव्या कॅटकॉनला पॅकेजपेक्षा जास्त पैसे लागले.

त्याच वेळी सर्व्हिसवाल्यानं जुने स्पार्क प्लग बदलले, टायरची हवा बघितली आणि चिकटत असलेला मागचा ब्रेक मोकळा केला. किरकोळ खर्च. पहिलं काम हेच करायला हवं होतं असं भाचा म्हणतो, आणि चढावर खरंच थोडा फरक पडला.

तुम्हाला कुठे काही लावून घ्यायचंच असेल, तर गाडी देण्याआधी बॉनेटखालचे फोटो काढा, सीव्हीएन स्वतः टिपून ठेवा, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट डिकीत परत मिळेल असं जॉबकार्डवर लिहून घ्या. आमचा दांडिया बाजारातला जुना मेकॅनिक साधा फॅनबेल्ट बदलला तरी जुना कागदात गुंडाळून हातात द्यायचा. पार्ट परत द्यायची अट घातल्यावर ज्याचा भाव अचानक वाढेल, त्याचा धंदा कशावर चालतो ते समजून घ्या.

आणि मकरपुऱ्याकडच्या कोणाच्या स्टेटसवर ६८ आणि ८१ असे दोन आकडे शेजारी शेजारी, खाली पांढऱ्या स्विफ्टचा नंबर प्लेट झाकलेला फोटो दिसला, तर ती गाडी माझी आहे. परवापर्यंत तो लावलेलाच होता.