वैतरणाजवळच्या कॉटेजचा आदेश मला पहिल्या पानापर्यंतच दाखवला

एप्रिल २०२३ ची गोष्ट. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सव्वीस वर्षं काढली, व्हीआरएसचे पैसे नुकतेच हातात आले होते, आणि डोक्यात एकच किडा की डोंगराकडे कुठेतरी छोटं कॉटेज घ्यायचं, शनिवार-रविवार आपण जायचं, बाकी दिवस भाड्याने द्यायचं. किडा सोडला आमच्या साडूने. त्याच्या ओळखीचा एक एजंट होता. वैतरणा धरणाच्या बॅकवॉटरजवळ तीन एकरात १८ कॉटेज, प्रत्येकी ५ गुंठे जागा, ६०० स्क्वेअर फुटाचं बांधकाम, आणि ते सगळं एजंटचीच माणसं चालवणार, आपल्याला महिन्याला १२ हजार घरबसल्या. कॉलेज रोडला मिसळ खाऊ घातली त्याने, बिलसुद्धा भरू दिलं नाही. तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

साईट बघायला गेलो तेव्हा ऐन उन्हाळा. करवंदाच्या जाळ्या, खाली धरणाचं पाणी, वारा असा की बायको गाडीतून उतरायच्या आधीच हो म्हणाली. माझ्या १४ नंबरच्या जागेतून एक कोरडा ओहोळ जात होता. एजंट म्हणे पावसाळ्यात इथे मस्त झरा असतो साहेब, गेस्ट लोकांना हेच तर पाहिजे असतं. म्हणजे जी गोष्ट मी विचारायला पाहिजे होती तीच त्याने मला सोय म्हणून विकली.

मी अगदीच भोळा नव्हतो हो. हा सगळा पश्चिम घाटाचा पट्टा, त्याचं इको सेन्सिटिव्ह एरियाचं, म्हणजे निसर्ग जपायला बांधकामावर बंधनं घातलेल्या भागाचं काय, असं विचारलंच. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. म्हणाला ती अधिसूचना २०१४ पासून मसुदाच आहे, आणि त्यातसुद्धा बंदी २० हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला, आपलं कॉटेज किती? आता गंमत अशी की हे खरंच होतं, मी घरी येऊन पुतण्याकडून तपासून घेतलं. आणि हे खरं निघालं म्हणून बाकीचं सगळं मी न तपासता खरं धरलं. रेराचं, म्हणजे प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचं विचारलं तर म्हणे ते फ्लॅटला असतं, जमिनीला नाही. हे मात्र साफ खोटं. प्लॉट पाडून विकायचे आणि एकूण जागा ५०० चौरस मीटरच्या वर, तर महारेरा नोंदणी लागते, आणि तीन एकर म्हणजे १२ हजार चौरस मीटर.

परवानगी दाखवा म्हटलं तर बॅगेतून लॅमिनेशन केलेला कागद काढला. महसूल खात्याचा आदेश, गट नंबर बरोबर, गोल शिक्का. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे, "खालील अटी व शर्तींच्या अधीन राहून परवानगी देण्यात येत आहे". खाली पान संपलेलं. मी ती ओळ बोट ठेवून वाचली, परवानगी या शब्दावर खूश झालो, आणि खालील म्हणजे कुठलं खालील हे काही विचारलं नाही.

नऊ लाख दिले. सहा चेकने, तीन रोख. रजिस्ट्री नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी. ५ गुंठ्याचं खरेदीखत तिथे तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकता येत नाहीत त्या कायद्यामुळे होणारच नव्हतं, म्हणून रजिस्ट्रीचं नाव काढलं की तो कॉटेजच्या टाइल्सचा रंग विचारायचा, असं आता लक्षात येतं.

ऑगस्टमध्ये न सांगता गेलो. त्या भागातला पाऊस म्हणजे काय ते इगतपुरीकडच्या लोकांना सांगायला नको, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. माझ्या १४ नंबरच्या चारही खुंट्या गुडघाभर वाहत्या पाण्यात. वरच्या बाजूला जेसीबीने डोंगर उभा कापलेला आणि त्याची लाल माती त्याच ओहोळातून सरळ धरणात चाललेली, आणि हे पाणी पुढे मुंबईला प्यायला जातं. मजूर नाही, चौकीदार नाही. टपरीवाल्याने चहा देता देता सांगितलं की दोन महिन्यांपूर्वी पंचनामा झाला, काम बंद आहे. एजंटला फोन केला तर म्हणे पावसामुळे थांबवलंय.

मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. १० रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि पानाला २ रुपये प्रमाणे चार पानांचे ८. अठरा रुपयात मला तो आदेश पूर्ण मिळाला, जो नऊ लाख द्यायच्या आधी मिळाला असता.

तर ती परवानगी एनए, म्हणजे बिनशेती वापराची नव्हतीच. जमीनमालकाला स्वतःच्या राहण्यासाठी, शेतीला पूरक, असं एक फार्महाऊस बांधायची होती. एक. अठरा नाही. व्यावसायिक वापर करायचा नाही. ओढ्यापासून ९ मीटर बांधकाम नको. तीव्र उतारावर खोदकाम नको. झाडं तोडायची तर वेगळी परवानगी. सांडपाणी सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यात, धरणाकडे सोडायचं नाही. आणि शेवटून दुसरी अट, एका वर्षात बांधकाम सुरू केलं नाही तर परवानगी आपोआप रद्द. आदेश २०१९ चा. म्हणजे मला जो कागद दाखवला तो मी हातात घेतला तेव्हा मेलेला होता. चौथं पान वाचताना मला राग त्या एजंटचा कमी आणि स्वतःचा जास्त आला, कारण या अटी काही छुप्या नव्हत्या, पहिल्याच पानावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं की खाली आहेत.

पोलीस स्टेशनला गेलो, ते म्हणाले हे दिवाणी आहे. तीन फेऱ्यांनंतर आणि अजून सहा जण सोबत आल्यावर अर्ज घेतला. आमच्यात एक रिटायर्ड शिक्षिका आहेत, त्यांनी तर अख्खा फंड घातला. दबावाने मला दीड लाख परत आले आणि दोन लाखाचा एक चेक, तो बाउन्स झाला, त्याची केस चालू आहे. रोख तीन लाखाचा तर पुरावाच नाही, तो विषय वकिलाने पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला.

जमीन बघत असाल तर सातबारा आणि फेरफार ऑनलाईन स्वतः काढा, आदेशाची प्रत एजंटकडून नाही तर कचेरीतून घ्या आणि पानांचे नंबर मोजा, आणि जागा एकदा जुलैमध्ये बघा. एजंट म्हणेल रेट वाढतील. वाढू द्या.

साडूने स्वतःसाठी ११ नंबर घेतला होता, त्याचेही पैसे अडकलेत, पण त्याला एजंटकडून कमिशन ठरलं होतं हे मला दिवाळीत कळलं. बायका बोलतात एकमेकींशी. आम्ही दोघं अजून नाही.