सागाच्या बनासाठी एल-बँडचे प्रारूप: रेडिएटिव्ह ट्रान्सफर की तरंगाधारित?

जुलै २०२५ मध्ये निसार हा नासा-इस्रोचा रडार उपग्रह कक्षेत गेल्यापासून त्याच्या एल-बँडवर, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीवर, काम करू पाहणारे सहकारी मला एकच प्रश्न विचारतात: जंगलातील प्रकीर्णनासाठी, म्हणजे झाडांवर व जमिनीवर आदळून विखुरणाऱ्या रडार तरंगांच्या हिशेबासाठी, नुसत्या तीव्रतांची बेरीज करणारे रेडिएटिव्ह ट्रान्सफर घ्यावे की फेज (तरंगांचे चढउतार एकमेकांशी किती जुळतात ते) सांभाळणारे तरंगाधारित प्रारूप? सगळे जंगल एफडीटीडीने, म्हणजे जागेची बारीक जाळी करून घराघरात तरंगाची समीकरणे मांडून, सोडवण्याचा मोह मात्र आवरावा. ओल्या खोडाचा पारविद्युत स्थिरांक (पदार्थात तरंग किती आखूड होतो हे ठरवणारा आकडा) २० धरला तर जाळीचे घर ५ मिलिमीटरचे करावे लागते आणि १० मीटर बाजूच्या घनात अशी ८०० कोटी घरे होतात.

रेडिएटिव्ह ट्रान्सफरचा वेग निर्विवाद आहे. जमिनीचा ओलावा हजार वेळा बदलून पाहायचा असेल तरी लॅपटॉप पुरतो, आणि पावसाळ्यातल्या गच्च पानोऱ्यात, विशेषतः एचव्हीमध्ये (आडवा व उभा यांपैकी एका ध्रुवणाचा तरंग सोडून दुसऱ्याचा टिपताना), त्याचे आकडे मला बऱ्यापैकी पटले.

अडचण आहे ती तीव्रतांच्या बेरजेत. जमिनीवरून खोडाकडे आणि खोडावरून जमिनीकडे जाऊन परतणारे दोन तरंग सारखेच अंतर कापतात, म्हणून एचएच व व्हीव्हीमध्ये (सोडलेला व टिपलेला तरंग दोन्ही आडवे किंवा दोन्ही उभे असताना) ते एकाच फेजने रडारपाशी पोहोचतात आणि नुसत्या बेरजेपेक्षा ३ डेसिबल अधिक भरतात. हे रेडिएटिव्ह ट्रान्सफरला दिसत नाही; तेवढे एक पद हाताने दुप्पट करावे लागते, आणि एचव्हीत तर तेही सरसकट करून चालत नाही. साग निष्पर्ण झाला की नेमके हेच पद वरचढ ठरते. माझ्याकडून एकदा ही दुप्पट करायची राहिली आणि रडारच्या आकड्यांवरून ओलावा काढताना ऐन एप्रिलमधली जमीन चिंब ओली निघाली. आठवडाभर मी मातीच्या खडबडीतपणालाच दोष देत बसलो होतो.

तरंगाधारित पद्धतीत, म्हणजे एका खोडाचे प्रकीर्णन एकदाच काढून ठेवून मग एका झाडावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या तरंगांचे परस्परसंबंध ते मांडणाऱ्या फोल्डी-लॅक्स समीकरणांनी सोडवताना, ही वाढ आपोआप येते. शिवाय २ मीटर अंतरावर ओळीने लावलेली रोपवनातली झाडे तिला ओळीतच दिसतात, यदृच्छया विखुरलेली नव्हे. किंमत वेळेत मोजावी लागते: झाडांच्या अनेक मांडण्या घेऊन सरासरी काढल्याखेरीज उत्तर स्थिरावत नाही.

संपूर्ण जिल्ह्याचा नकाशा करायचा असेल तर कदाचित पहिलाच पर्याय सोयीचा ठरेल. एखाद्या भूखंडाचा प्रश्न असेल तर मी हल्ली दुसरे प्रारूप रात्री लावून ठेवतो आणि सकाळी आकडे पाहतो. त्यात कुठे दोनने गुणले होते हे आठवावे लागत नाही.